वळणदार

ब्रागातल्या त्या छापखान्यात
सगळ्यात वरच्या खणात, फ्लॅनेलच्या फडक्यावर
ती अक्षरं निजलेली असायची.
बाकीचे खिळे रोजंदारीवरचे :
गुरांच्या बाजाराची पत्रकं, खोकल्याच्या औषधाची लेबलं,
कर भरायच्या शेवटच्या तारखा.
ही मात्र उठायची फक्त लग्नाला,
बिशप येणार असले तर,
किंवा नोटरीच्या मुलीला पदवी मिळाली तर.

उजवीकडे कललेली,
दार उघडून "आधी तुम्ही" म्हणताना माणसं कलतात तशी.
वर जाताना केसाएवढी रेघ,
खाली येताना पोटाशी भरलेली.
मोठ्या अक्षरांच्या शेपट्या शिशाच्या अंगाबाहेर लोंबत,
शेजारच्याच्या खांद्यावर टेकत,
आणि हात जड पडला की तुटत.
मोठ्या 'एफ'ची शेपटी एकावन्न सालीच गेली.
तेव्हापासून गावातल्या फ्लोरिंदा, फिर्मिना
जरा लंगडतच वेदीपाशी गेल्या.

एव्हारिस्तो किंतेला खिळे जुळवायचा
उलटे, आरशातल्यासारखे, श्वास रोखून.
सांधा दिसता कामा नये, म्हणायचा,
हातानं लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे,
पण कुणाच्याच हाताचं नाही असं.

उणीव एकच.
खिळे ओतले होते जर्मनीत,
आणि तिथं कुणी नाकातून बोलत नसावं.
'आ'वर जी एक बारीक लाट लागते,
जिच्यावाचून या लोकांना
पाव लिहिता येत नाही, हात लिहिता येत नाही, काळीजही नाही,
ती त्या पेटीत नव्हतीच.

ती लाट द्यायची देओलिंदा.
वय सोळा, टाक बारीक,
शाई छापाच्या काळ्याशी जुळवून घेतलेली.
वाळलेली पत्रिका पुढ्यात ओढायची
आणि नावावर एक झोका.
पुढची. एक झोका.
गावातली निम्मी लग्नं तिच्या मनगटावरून गेली.

मार्चमध्ये फेलिज्मिना आणि दामियांव :
एकशे चाळीस पत्रिका,
एकशे चाळीस झोके, सगळे त्याच्या नावावर.
तिच्या नावाला लाट लागत नव्हती.
तिला तो लंगडा 'एफ' तेवढा.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी ती एकटी आली.
ओला कोट अंगावरच.
तेवढीच पत्रं हवीत, म्हणाली, त्याच कागदावर.
एव्हारिस्तोनं साध्या खिळ्यांचा खण ओढला.
"असल्या मजकुराला हे बरे, पोरी."
"बोलावलं ज्या अक्षरात," ती म्हणाली, "त्याच अक्षरात."

मजकूर एका ओळीचा :
ठरलेला विवाह होणार नाही.
त्यांच्या भाषेत 'नाही'ला म्हणतात 'नांव'.
(माझ्या कानाला ते भलतंच ऐकू येतं. असो.)
एव्हारिस्तोचा हात थांबला.
तीस वर्षांत त्या वरच्या खणातून
सविनय निघालं होतं, सहकुटुंब निघालं होतं,
हा तीन अक्षरांचा शब्द कधीच नाही.
नकाराचं वळणच कुणी लावलं नव्हतं त्यांना.
तरी उभी राहिली तिघं, तशीच कललेली,
तसंच दार उघडं धरून,
फक्त आता बाहेर जाणारीसाठी.

दामियांवचं नाव या पत्रात नव्हतं.
त्याच्यावरची लाट तेवढी मागे राहिली होती,
मधल्या अक्षरावर.

पहिले चाळीसेक झोके देओलिंदाचे.
मग फेलिज्मिनानं हातमोजा काढला,
स्टूल ओढलं. "दे इकडे."
पहिली लाट थरथरली.
दुसरीचा डाग झाला.
तिसरी फार उंच, पक्ष्यासारखी, शब्दाला सोडूनच निघालेली.
विसाव्याच्या सुमारास हाताला सापडलं.
दुकान मिटायची वेळ टळून गेली.
एव्हारिस्तो मघाशीच पुसलेला रूळ
पुन्हा पुसत बसला.

देओलिंदा अजून आकडा सांगते : एकशे अडतीस.
दोन पत्रं वाया गेली,
डागाचं एक, पक्ष्याचं एक.
त्या दोन घरी फेलिज्मिना स्वतः गेली,
बेल वाजवली,
आणि तोंडानं म्हणाली.
लाटेसकट.